मदत हवी आहे : ह्मोंग कुटुंबाशी बोलणी कशी करावी?

मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे प्राथमिक शाळेत शिकवते. आत्मा परत बोलावण्याच्या विधीत मनगटावर बांधलेले पांढरे दोरे खेळाच्या तासाला काढण्यास सांगितल्यापासून वर्गातील एक ह्मोंग (आग्नेय आशियाच्या डोंगराळ भागातून आलेला समाज) मुलगा त्या तासाला बाजूलाच बसून राहतो. त्याचे कुटुंब २००४ मध्ये थायलंडमधील वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाजवळच्या निर्वासित वस्तीतून आले. निर्णय आजोबा घेतात आणि बैठकीत नातूच दुभाषी होतो, त्यामुळे आमचे म्हणणे त्यांच्यापर्यंत कितपत पोचते याची मला शंकाच आहे. ह्मोंग भाषेत चिठ्ठी पाठवली, परंतु आजोबांना वाचता येत नाही. दोरे मनगटपट्टीखाली झाकून खेळू देण्यास क्रीडाशिक्षक तयार आहेत. असा प्रसंग हाताळलेल्यांनी सांगावे : शाळेचा दुभाषी घेऊन थेट आजोबांना भेटावे, की आधी कुळातील ज्येष्ठांमार्फत निरोप द्यावा?