फ्रेंच परवाना म्हणजे फ्रेंच निष्ठा नव्हे

‘केदा मर्चंट’ या आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल नेणाऱ्या जहाजावर फ्रेंच परवाना (संरक्षणाचा कागद) सापडला, म्हणजे ते आर्मेनियन फ्रान्सच्या बाजूचे, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. अनेक सत्तांचे परवाने जवळ ठेवायचे आणि समोरच्या जहाजावर ज्याचा झेंडा, त्याचा कागद पुढे करायचा, ही इंग्लंड-फ्रान्स युद्धाच्या काळातली रीतच होती. ३० जानेवारी १६९८ रोजी हे जहाज पकडताना इंग्रजांच्या बाजूच्या कप्तान विल्यम किडने मुद्दाम फ्रेंच झेंडा लावला, म्हणून फ्रेंच कागद बाहेर आला. ‘केदा मर्चंट’चा कप्तान तर इंग्रज होता!

शिवाय १६८८ मध्येच आर्मेनियन व्यापारी खोजा फानूस कलंदर यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार करून आर्मेनियनांना कंपनीच्या जहाजांतून माल नेण्याची मुभा मिळवली होती. त्यामुळे हे इंग्रजांच्या शत्रूचे लोक ठरतच नाहीत. आणि युद्ध संपवणारा इंग्लंड-फ्रान्स तह सप्टेंबर १६९७ मध्येच, म्हणजे जहाज पकडण्याआधीच झाला होता; बातमी मात्र जहाजाच्याच वेगाने यायची.