जोडून सुट्टी आली की आंबोलीच कशाला? हलशी आहे की!

शहापूरकर
शनिवार-रविवार जोडून आले की निम्मं बेळगाव आंबोलीच्या वाटेला लागतं. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, कणसाच्या धुरात उभं राहून फोटो, आणि रविवारी रात्री कंबर धरून घरी. ह्याला विश्रांती म्हणायचं?

माझं मत हलशीला. बेळगावहून खानापूर साधारण २६ किलोमीटर, तिथून आणखी चौदा-पंधरा. कदंब राजांची एकेकाळची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. भर दुपारी मंडपात खांबाला टेकून बसा, दगडाचा गारवा सदऱ्यातून पाठीला लागतो. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला शून्य तिकीट, म्हणजे पैसे काय ते आम्हा पुरुषांचे. डबा घरचा. संध्याकाळी परत यायचं आणि दुसरा दिवस नुसता लोळून काढायचा.

टिळकवाडीची
डबा घरचा म्हणजे पहाटे उठून दशम्या कुणी लाटायच्या ओ दादा? आणि दुसऱ्या दिवशी लोळणार कोण? तुम्ही लोळणार, आम्ही दोनदा चहा आणि एकदा पोहे करणार. आंबोलीत खोलीला पैसे मोजतो ते धबधब्यासाठी नव्हे. सकाळी डोळे उघडल्यावर "आज नाष्ट्याला काय?" असं कुणी विचारत नाही, त्याचे ते पैसे.

शहापूरकर
ताई, मग डबा रद्द. खानापुरात स्टँडजवळ जेवू. तरीही तुमच्या खोलीच्या पैशात आमचं घरदार जाऊन येईल. आंबोलीच्या आंतरराज्य गाडीला शक्ती चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीतली बायकांची निम्म्या तिकिटाची सवलत त्यांच्या हद्दीपुरतीच. आपण सीमेवरचे, पुरती सवलत कुठलीच नाही!

खानापूरचा पाहुणा नव्हे, गाववाला
दोघांनाही सांगतो. फुकट बस म्हणजे आरामाची बस नव्हे. सुट्टीच्या दिवशी पोराला मांडीवर आणि पिशवी पायात घेऊन उभ्याने या, मग बोलू. पौर्णिमेला तर सौंदत्तीच्या वाटेला जाऊच नका, यल्लम्माच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. हलशी खेडं आहे, मुक्कामाचा बेत तिथं धरू नका आणि परतीची शेवटची गाडी उतरतानाच कंडक्टरला विचारा. आणि "एवढं आलोय तर भीमगड पण करू" म्हणणारे दरवर्षी भेटतात. ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत सोडत नाहीत.

बाकी हलशी चांगलीच आहे. पण सगळ्यांनी मिळून येऊ नका, एवढी मेहेरबानी करा.

निपाणीकर
तुमचा जिल्हा बेळगावातच सुरू होतो आणि खानापुरात संपतो का? आम्हाला हलशी म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडणं. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला जातो. तिथल्या कोपेश्वर महादेवाच्या देवळाचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आहे, मधोमध छताला गोल मोकळीक. खाली उताणं पडून आभाळ बघावं, पैसा लागत नाही. गंमत म्हणजे महादेवासमोर नंदीच नाही. तो आहे कृष्णेपलीकडं यडूरला, आमच्या शेजारच्या चिक्कोडी तालुक्यात, असं जुनी माणसं सांगतात. देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. एका दिवसात दोघांचं दर्शन होतं. फक्त स्वतःची मोटारसायकल पाहिजे, बस बदलत बसलात तर दिवस स्टँडवरच जाईल.

शहापूरकर
मोटारसायकलवर चौघं कशी बसणार ते पण सांगा.

निपाणीकर
दोघंच जावा की. पोरं आजोळी.

टिळकवाडीची
हे मात्र पटलं! घरात सगळं वाचून दाखवलं. नवरा म्हणतो हलशी, सासूबाई म्हणतात यल्लम्मा. मी मंगळवार-बुधवारची रजा टाकून आंबोलीला फोन लावलाय. मधल्या वारी गर्दी नसते आणि भाव करायला जागा असते. शनिवारी जाणाऱ्यांनी खुशाल कणसं खावीत.