भंगारातून काढलेलं गाडीचं डिजिटल घड्याळ, वायरी चार आणि डिस्प्ले काही लागेना

प्रश्न

नमस्कार मंडळी, भंगारात निघालेल्या एका गाडीच्या डॅशबोर्डमधून मी डिजिटल घड्याळ काढून आणलंय. हिरवट निळे आकडे, खाली तास आणि मिनिटाची दोन बटणं. माझ्या गाडीला घड्याळच नाही, त्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण आहे आणि त्यात हे बरोब्बर बसतंय म्हणून एवढा खटाटोप. अडचण अशी की कनेक्टर जुन्या गाडीतच राहिला, मागे बोटभर लांबीच्या चार वायरी उरल्यात : काळी, पिवळी, निळी आणि एक लाल, हिरव्या पट्ट्याची. काळी अर्थ (म्हणजे मायनस) आणि पिवळी प्लस असं धरून १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून बघितलं तर ढिम्म. उलटं लावून बघायची हिंमत झाली नाही. गेलंय का हे? टाकून द्यायची अजिबात इच्छा नाहीये.

प्रतिसाद १

उलटं लावलं नाहीत ते फार चांगलं केलंत, आत संरक्षणाला डायोड (उलटा करंट अडवणारा भाग) असेलच असं नाही.

बहुतेक घड्याळ गेलेलं नाहीये. गाडीच्या घड्याळाला दोन वायरींवर भागत नाही. एक अर्थ, एक कायम प्लस म्हणजे चावी काढली तरी चालू राहणारा, त्यावर वेळ टिकते. तिसरी एसीसीची, चावी फिरवल्यावर येणारी, ती आली की मगच आकडे दिसतात. चौथी पार्किंग लाइटची, दिवे लावले की आकडे मंद होतात ते हिच्यामुळे. तुम्ही दोनच जोडल्या म्हणून अंधार.

रंगावर मात्र विसंबू नका. जुन्या जर्मन गाड्यांत अर्थ तपकिरी असते आणि काळी वायर चक्क इग्निशनची. आधी घड्याळ उघडा, आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दिसेल, त्याच्या अंगावर उभा पट्टा असतो ती मायनसची बाजू. मल्टिमीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो मोड) ठेवून तिथून एकेक वायर तपासा, जी वाजेल ती बहुतेक अर्थ. अर्थ चुकली तर बाकी सगळंच चुकतं, म्हणून जिथे वायरी सोल्डर केल्यात तिथून बोर्डावरची तांब्याची पट्टी जाते कुठे हे डोळ्यांनीही बघून घ्या.

मग प्लसमध्ये सिरीजला, म्हणजे करंट त्यातूनच घड्याळाकडे जाईल असा, ५ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. घड्याळाला साधारण १००-२०० मिलिअँपियर पुरतात, तेवढ्याला बल्ब फारसा पेटत नाही. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा, घड्याळ वाचेल.

आता उरलेल्या तीन वायरींतल्या दोन-दोन एकदम प्लसला लावत जा. तीनच जोड्या होतात, त्यातल्या एकीवर आकडे पूर्ण उजळतील. उजळले की वेळ लावा, समजा ४:३५, आणि त्या दोनातली एक सोडून परत जोडा. आकडे गेले आणि परत ४:३५ च आले तर ती एसीसी. वेळ पुसली गेली तर ती कायमची. उरलेली लाइटची, ती लावल्यावर आकडे मंद व्हायला हवेत.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, फक्त लाइटच्या वायरीबद्दल थोडं. काही गाड्यांत डॅशच्या दिव्यांचा डिमर अर्थच्या बाजूने असतो, तिथे जोडलं तर घड्याळ मंद होणारच नाही, म्हणून थेट पार्किंग लाइटच्या प्लसवरून घ्या. आणि ती वायर मोकळी सोडू नका, रात्री हे आकडे डोळ्यात खुपतात.

उघडलंच आहे तर डिस्प्लेची काच नीट बघा. आत केसाएवढ्या बारीक आडव्या तारा दिसतील, तो फिलामेंट. काचेच्या कोपऱ्यात आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीये, मग काही उपाय नाही.

प्रश्नकर्ता

लागलं!! काळी अर्थच निघाली, निळी कायमची, पिवळी एसीसी. म्हणजे मी एसीसीला करंट देत बसलो होतो आणि मुख्य प्लस कोरडाच होता. डाग चकचकीत आहे. पण एक त्रास आहे, बोटाने टकटक केलं की आकडे क्षणभर जातात आणि वेळ १:०० वर येते.

प्रतिसाद १

सोल्डर सुटलंय. वायरी किंवा पिना जिथे बोर्डात शिरतात तिथे भिंगातून बघा, पिनेभोवती काळी गोल रेघ दिसेल. गाडीतली थरथर आणि उन्हाने तापणं यानेच हे होतं. जुनं सोल्डर ओढून काढा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) लावा, नवीन भरा, नुसतं वरून गरम केलेलं टिकत नाही. कपॅसिटर फुगलेला वाटला तर तोही बदला, १०५ डिग्रीवालाच घ्या, कारण उन्हात डॅशबोर्ड भट्टीसारखा तापतो.

प्रतिसाद ३

वायरिंग स्टिरिओच्या मागून घ्या, कायम प्लस, एसीसी आणि अर्थ तिथेच असतात आणि लाइटची वायरसुद्धा बऱ्याचदा सापडते. कायम प्लसला १ अँपियरचा फ्यूज, तोही जिथून वायर काढली तिथेच, घड्याळाजवळ नव्हे. आणि सोपं पडतं म्हणून निळी-पिवळी एकत्र करून कायम प्लसला जोडू नका. आकडे दिवसरात्र पेटते राहिले तर १०० मिलिअँपियरच्या हिशोबाने रोज २.४ अँपियर-अवर जातात, गाडी उभी राहिली तर ३५ अँपियर-अवरची बॅटरी पंधरवड्यात बसेल.

प्रश्नकर्ता

काळ्या वायरीच्या पिनेलाच ती गोल रेघ होती, अगदी सांगितल्यासारखी. सोल्डर नवीन केलं, आता कितीही टकटक केली तरी हलत नाही. टेबलावर २४ तास चालवून फोनशी ताडून बघितलं, २ सेकंद पुढे गेलं, मला चालेल. काल गाडीत बसवलं, चावी काढून सिरीजमध्ये मीटर लावला तर ४ मिलिअँपियर. संध्याकाळी पार्किंग लाइट लावले तसे आकडे हळूच मंद झाले आणि मी तसाच बंद गाडीत बघत बसलो होतो बराच वेळ. फार आभार सगळ्यांचे.