चाइल्ड बेनिफिट: सगळं परत जाणार असेल तर फॉर्म भरायचा का?

नमस्कार मंडळी,
इथे ब्रिटनमध्ये ह्यांचा पगार यंदा 82 हजार पाउंडांवर गेला, मी दोन्ही मुलांसाठी घरी आहे. ह्यांचं म्हणणं, मुलांसाठीच्या ह्या सरकारी भत्त्यातलं मिळालेलं सगळं टॅक्समधून परतच द्यायचंय तर फॉर्म कशाला? पण शेजारी दोघं 58-58 हजार कमावतात, त्यांना मात्र पूर्ण मिळतं! असं कसं?
प्राची

प्राची,
असंच आहे. 2013 पासूनचा हा हाय इन्कम चार्ज, म्हणजे जास्त पगारवाल्यांकडून हा भत्ता परत घेणारा टॅक्स, घराचं उत्पन्न बघतच नाही, दोघांत ज्याचं जास्त त्याच्या एकट्याचं बघतो. 1 लाख 16 हजारवाल्या घराला पूर्ण, तुमच्या घराला शून्य. इथे नवरा-बायकोचा टॅक्स वेगवेगळा, एकत्र हिशोब ठेवायचा तर एचएमआरसीला, म्हणजे टॅक्स खात्याला, नवा खटाटोप. 2024 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री हंटसाहेब, त्यांनी मर्यादा 50 वरून 60 हजार केली तेव्हा पुढे घराचं उत्पन्न धरू असं म्हणाले होते, सरकार बदललं आणि नव्या अर्थमंत्री रीव्हजबाईंनी ते गुंडाळून ठेवलं.

60 ते 80 हजारांत दर 200 पाउंडांमागे 1 टक्का परत जातो. दोन मुलांचे 2025-26 च्या दराने आठवड्याला 43.30, म्हणजे वर्षाचे साधारण 2,250. त्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक शंभरातले 40 टॅक्स, 2 एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन वगैरेसाठीची पगारातली कपात) आणि वर हे 11, गेले 53! म्हणून ह्यांना सांग, 12 हजार पेन्शनमध्ये टाका, हिशोबाचं उत्पन्न 70 वर येतं आणि निम्मे 1,125 घरात राहतात, पेन्शनवरची टॅक्स सूट वेगळीच.

आणि फॉर्म भरच, पण तुझ्या नावाने. पैसे नको असतील तर तसं त्यात सांगता येतं. धाकटं 12 वर्षांचं होईपर्यंत तुला एनआय क्रेडिट मिळतं, म्हणजे न कमावता ती वर्षं भरल्यासारखी धरतात; पूर्ण स्टेट पेन्शनला 35 वर्षं लागतात, घरी बसलेल्या बाईची तीच वर्षं बुडतात. पैसे नकोत म्हणून फॉर्मच न भरणाऱ्या बायका आपल्यात कमी नाहीत.
विलासकाका

काका, पण 82 हजारवाल्यांना सरकारने द्यावंच का? कमी उत्पन्नवाल्यांच्या युनिव्हर्सल क्रेडिट भत्त्यात 2017 पासून तिसऱ्या मुलाचं काहीच मिळत नव्हतं, ते आत्ता कुठे एप्रिल 2026 पासून सुटतंय. आधी ती घरं बघा की.
मिलिंद

मिलिंद, ती घरं आधीच, त्यात वादच नाही. पण मुलं वाढवायचा खर्च सगळ्यांनाच असतो, सारख्याच पगाराच्या बिनमुलांच्या जोडप्यापेक्षा आईबापांच्या हातात कमी उरतं, बेनिफिट त्यासाठी होता. श्रीमंतांकडून जास्त घ्यायचंय ना, मग टॅक्सचा दर वाढवून सगळ्यांकडूनच घ्या, फक्त पोरं असलेल्यांकडून का?
विलासकाका

काका, फॉर्म आजच भरते. माझे दीर-जाऊ दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेत, त्यांनाही सांगू का?
प्राची

अजिबात नको! व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलेलं असतं, त्यात चाइल्ड बेनिफिट येतो, भलतं काही व्हायचं. तुमचं आयएलआर (कायमचं राहायची परवानगी) झालंय म्हणून तू भर. आणि लवकर, मागचे तीनच महिने धरतात.
विलासकाका