गेटबाहेरच्या झाडांवरची नोटीस

बी-402 मीनलताई: गेटबाहेरच्या कडुलिंबावर उद्यान विभागाची नोटीस लागलीय, कुणी पाहिली का? रस्ता रुंदीकरण, 14 झाडं, हरकतीला सात दिवस. मागच्या वेळी आपल्याला कळलं तेव्हा करवत चालू होती.

ए-101 देशपांडे काका: लेखी हरकत द्या. पोच घ्या. ग्रुपवर बोलून फाइल हलत नाही.

सी-203 सागर: रस्ता नको का मग? गंगापूर रोडला मधोमध राहिलेल्या झाडांवर रात्री गाड्या आदळतात, तेव्हा कुणी हरकत घेत नाही.

मीनलताई: रस्ता नको असं मी कुठे म्हटलं?

सी-204: झाडांचं नंतर बघू, आधी त्या कडुलिंबाखालची पांढरी गाडी हलवा 😄

सागर: पार्किंगचा विषय इथे काढू नका. कमिटीची पावती आहे माझ्याकडे.

डी-304 वाघ सर: नुसतं ‘झाडे वाचवा’ लिहिलं की ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर एका ओळीत सगळे निकाली. झाडनिहाय लिहा. खोडावर रंगवलेला नंबर, जात, घेर. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने घ्यायचा, फोटोत नंबर आणि टेप दोन्ही दिसले पाहिजेत. 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात आणि 50 वर्षांपुढचं झाड हेरिटेज धरतात. नोटिशीत वय कमी दाखवलं की दोन्ही जबाबदाऱ्या आपोआप हलक्या होतात. म्हणून वय कशावरून काढलं, हे विचाराच.

देशपांडे काका: लेखी हरकत द्या. पोच घ्या.

सी-204: काका, पोचलं 🙏

सागर: आणि जी झाडं खरंच रस्त्यात येतात त्यांचं काय? पुनर्रोपण करा म्हणावं.

वाघ सर: सागरभाऊंचा मुद्दा रास्त आहे. आखणीचा नकाशा मागा, रस्त्याच्या मध्यरेषेपासून प्रत्येक झाडाचं अंतर मागा. कडेची झाडं फुटपाथ आणि गटाराच्या मधल्या पट्ट्यात बसू शकतात. पुनर्रोपण वड-पिंपळाला सोसतं, जुन्या कडुलिंबाला अवघड. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ-दहा पट हवा, मुळं काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने छाटावी लागतात. ठेकेदार जेसीबीने एका दिवसात उपटतो, एप्रिलमध्ये लावतो आणि टँकर बंद करतो. झाड वाळणारच.

मीनलताई: आपल्या नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्यासाठी झाडं तोडायची होती, त्यावर 2025 च्या नोव्हेंबरात सुनावणी झाली, ती तरी लोकांनी हरकती घेतल्या म्हणूनच ना?

बी-105: सुनावणी म्हणजे ऐकल्यासारखं करायचं. ठरलेलं असतं सगळं.

वाघ सर: म्हणूनच इतिवृत्त मागायचं. कुठला मुद्दा कुठल्या कारणाने फेटाळला, हे लेखी नसेल तर पुढे दाद कशावर मागणार? खरं तर ही चर्चा नोटिशीआधी, रस्ता कागदावर असतानाच व्हायला हवी. त्यासाठी 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभा, आणल्या. आता नगरसेवक निवडून आलेत, त्यांना सभा कधी लावता हे विचारा. झाडाला नंबर पडल्यावर ‘हो की नाही’ एवढंच हाती उरतं.

सी-204: क्षेत्रसभेत पाण्याचा विषय पण घ्या, तिसऱ्या मजल्यावर प्रेशर नाही.

सचिव: पाण्याचं टेंडर ग्रुपवर आधीच टाकलंय. सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत द्यायची तर कमिटीचा ठराव लागेल. थकबाकीदारांनी आज मेंटेनन्स भरला तर बरं, सहीसाठी तेच आधी येतात.

बी-105: हा टोमणा कुणाला?

मीनलताई: ठराव होईपर्यंत मुदत संपेल. प्रत्येकाने आपापल्या नावाने द्या. सकाळी साडेसहाला घेर मोजायला येतेय, टेप आणि वही धरायला दोघं हवेत.

सागर: टेप माझ्याकडे आहे, पाच मीटरची. गाडी रात्रीच काढतो. मध्यरेषेपासूनची अंतरं पण मोजू, तीन झाडं रस्त्यात येतात हे मी लिहून देणार.

देशपांडे काका: दोन प्रती काढा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का.