समुद्रातले बॉम्ब काढणाऱ्यांवर देखरेख कोणाची?

धागाकर्ता, देवळी तालुका
दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला सुमारे १६ लाख टन दारूगोळा जर्मनीच्या सागरी हद्दीत आजही तळाशी गंजत पडला आहे. तो काढण्यासाठी तेथील सरकारने १० कोटी युरोंचा कार्यक्रम आखला आणि २०२४ मध्ये ल्युबेकच्या उपसागरात प्रायोगिक काम सुरू केले. कवच गंजले की आतले टीएनटी हे स्फोटक पाण्यात विरघळून शिंपल्यांपर्यंत पोहोचते, त्यामुळे हे काम व्हायलाच हवे. माझा आक्षेप देखरेखीबद्दल आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीच्या फेमर्न बेटाजवळच्या संरक्षित सागरी क्षेत्रात नौदलांनी ४२ जुने ब्रिटिश पाणसुरुंग उडवले आणि हादरा कमी करणारा बुडबुड्यांचा पडदाही सोडला नाही. पुढे किनाऱ्याला लागलेले २४ मृत पॉर्पॉइज (देवमाशांच्या कुळातले लहान प्राणी) तपासले, तेव्हा ८ स्फोटाच्या इजेने मेल्याचे आढळले. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? काम थांबवण्याचा अधिकार पर्यावरण खात्याकडेच हवा.

निवृत्त तंत्रज्ञ, भद्रावती
असहमत. जुन्या बॉम्बचा फ्यूज कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याच्याजवळ गेलेल्या माणसालाच कळते; तो हलवायचा की जागेवरच उडवायचा, हे शेकडो कोस दूर बसलेल्या साहेबाने फाइलवर ठरवू नये. परवानगीत एक हंगाम गेला, तर तेवढे कवच आणखी गंजते. शिवाय जर्मनीचा तो कार्यक्रम पर्यावरण मंत्रालयाचाच आहे, म्हणजे तुमचा राखणदारच तिथे कंत्राट देतो. मग त्याच्यावर कोण?

धागाकर्ता
शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. परंतु ते ४२ सुरुंग सात दशकांहून अधिक काळ तिथेच होते, त्यांना ऑगस्टातच उडवण्याची निकड कसली? ब्रिटनमध्ये पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांना समुद्रतळाचा बॉम्ब निकामी करण्यासाठी सागरी परवाना लागतो, आणि स्फोट न घडवता आतली दारू जाळून टाकण्याच्या कमी आवाजाच्या पद्धतीला तेथील सरकार आता प्राधान्य देते. जीव धोक्यात असेल तेव्हा तंत्रज्ञाचा शब्द अखेरचा, हे मला मान्य आहे. नियोजित कामाला मात्र ती सवलत नको.

शिक्षिका, वर्धा जिल्हा
समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण प्रश्न दूरचा नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोजवळ सोनेगाव आबाजी येथे नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यानंतर चर्चा झाली ती मजुरांच्या सुरक्षिततेची, आणि ती व्हायलाच हवी होती. जमिनीत आणि पाण्यात काय मुरते, हे मात्र कोणी विचारले नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत संरक्षणविषयक प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट देण्याची तरतूद आहे, आणि माहिती अधिकारातही सुरक्षेचे कलम आडवे येते. गुप्तता समजू शकते. पण लगतच्या विहिरीत टीएनटी किंवा आरडीएक्सचा अंश आहे की नाही, यात कसले गुपित आहे?

निवृत्त तंत्रज्ञ, भद्रावती
पाण्याचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास माझी हरकत नाही. कामाच्या तारखा आणि जागा मात्र जाहीर करू नका. भंगारासाठी तुकडे वेचायला जाणारे आधीच कमी नाहीत.

शिक्षिका, वर्धा जिल्हा
चालेल. फक्त नमुने डेपोने नव्हे, बाहेरच्या प्रयोगशाळेने घ्यावेत, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा.