मदत हवी आहे: सीझन तिकीट आत्ताच रिन्यू करू की हंगाम संपेपर्यंत थांबू?

एम-१४
नमस्कार मंडळी. क्रिकेटच्या गर्दीत फुटबॉलवाले कुणी उरले असतील तर जरा मदत करा.

गेले ११ हंगाम माझं एकाच क्लबचं सीझन तिकीट आहे, म्हणजे आपल्या मैदानावरच्या लीगच्या सगळ्या मॅचेसचं एकत्र तिकीट, आणि खुर्चीही तीच, एम-१४. १४ मधला ४ इतका पुसला गेलाय की नवखा माणूस १ नंबर शोधत आला की हमखास माझ्याच जागेवर बसतो. तर परवा क्लबचा मेल आला. पाच आठवड्यांच्या आत रिन्यू केलं तर यंदाचाच भाव, नंतर १० टक्के जास्त. ही मुदत संपेल तेव्हा लीगचे चार सामने शिल्लक असतील आणि आम्ही तळातून चौथे आहोत. तळाच्या टीम हंगामाअखेर खालच्या डिव्हिजनला जातात. म्हणजे पुढच्या वर्षी कुठल्या डिव्हिजनचा खेळ बघणार हे न कळताच पूर्ण पैसे भरायचे. आंधळा सौदा म्हणतात तो हाच.

त्यात माझी शिफ्ट बदलली. यंदा हंगामाअखेर १९ होम मॅचेसपैकी १२च पाहून होतील, आणि पुढच्या वर्षीही तितक्याच जमतील असं दिसतंय.

शेजारच्या एम-१५ वर एक काका बसतात. पंचाहत्तरी ओलांडलेले. रिन्यूअल उघडलं की पहिल्याच दिवशी पैसे भरतात आणि मग दर मॅचला मला विचारतात, "भरलेस का रे?" यंदा दोनदा विषय बदलला मी.

भरू का? हप्त्यांची सोय आहे, ती घ्यावी का? आणि टीम खाली गेली तर पैशांचं काय होतं?

आकडेमोड्या
भावना बाजूला ठेवा, आधी हिशेब बघू. एका सामन्याचं सुटं तिकीट सरासरी १०० धरू. बऱ्याच ठिकाणी सीझन तिकीट सुट्या तिकिटांच्या बेरजेच्या साठ टक्क्यांच्या आसपास पडतं असं समजा, म्हणजे १९ सामन्यांचे ११४०. मुदतीनंतर १२५४.

तुम्ही १२ सामने बघता, सुटी तिकिटं काढलीत तर १२००. म्हणजे आत्ता भरलंत तर ६० वाचतात, उशिरा भरलंत तर ५४ जास्त जातात. तुमचा आकडा बरोबर काठावर आहे. जो १७ सामने बघतो त्याला उशिरानेही परवडतं, जो ८ बघतो त्याला लवकरच्या भावातही परवडत नाही. ही सवलत खरी लागू पडते ती तुमच्यासारख्या मधल्या माणसाला.

तुमच्या क्लबचे खरे आकडे घालून बघा. आणि सुट्या तिकिटांत मोठ्या टीमच्या सामन्याचा भाव वेगळा असतो, ते विसरू नका. तुमच्या बारांत तसे पाच असतील तर पारडं आपोआप सीझन तिकिटाकडे झुकतं.

कोपरा_झेंडा
हिशेब बरोबर असेल, पण मुळात हा प्रकारच मला पटत नाही. टीम बुडतेय की तरतेय हे कळायच्या आत पैसे मागायचे आणि वर "निष्ठावंतांसाठी खास सवलत" म्हणायचं? यात सवलत कसली, उशिराचा दंड आहे तो. नाव फक्त गोड दिलंय.

आणि गप्प बसलं की भाव वाढतातच. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांनी काय केलं ते आठवा. नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार म्हटल्यावर संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो माणसं उठून चालती झाली. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माघार घेतली आणि सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवरच राहिलं. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगच्या, क्लबांनी पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली, तीही लोकांनी लावून धरल्यामुळेच. तुम्ही सगळे पहिल्या आठवड्यात मुकाट भरणार असाल तर क्लब कशाला ऐकेल?

वहीखाते
कोपरा_झेंडा, राग कळतो. मी एका छोट्या क्लबचे हिशेब काही वर्षं फुकटात लिहिलेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो. हंगाम संपला की दोन-अडीच महिने गेटवर एक पैसा येत नाही. खेळाडूंचे पगार मात्र महिन्याच्या महिन्याला जातात, गवत नव्याने लावायचं असतं, आणि वीजबिल काही सुट्टीवर जात नाही. आमच्याकडे रिन्यूअलच्या पैशांवरच उन्हाळा निघायचा. लवकरचा भाव म्हणजे क्लबने प्रेक्षकांकडून घेतलेलं बिनतारण कर्ज आहे, आणि ती सवलत म्हणजे त्या कर्जावरचं व्याज.

कर्ज म्हटलं की विचारायचं एकच, समोरचा फेडेल का? टीम खाली जाण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. इंग्लंडचा 'बरी' नावाचा क्लब बघा. १८८५ चा क्लब, २०१९ च्या वसंतात वरच्या डिव्हिजनला चढला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला पैशांच्या घोळापायी लीगमधून बाहेर काढला गेला. लोकांच्या हातात तिकिटं, पण सामनेच नाहीत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबच्या नव्या मालकाने तर २०११ मध्ये पुढच्या काही हंगामांच्या सीझन तिकिटांची कमाई आधीच एका कंपनीला विकून टाकली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीतल्या प्रशासकांच्या हाती, गेला.

तुमच्या क्लबने पगार थकवलेत का, हिशेब वेळेवर दाखल केलेत का, हे आधी बघा. सगळं ठीक असलं तरी पैसे शक्यतो क्रेडिट कार्डानेच भरा. ब्रिटनमध्ये १०० पौंडांपेक्षा महाग आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीत विकणाऱ्याने हात वर केले तर कार्ड कंपनीही जबाबदार असते, १९७४ च्या कायद्याचं कलम ७५ आहे तसं. तुमच्याकडचा नियम बँकेला विचारा.

खाली गेल्यावर काय होतं ते प्रत्येक क्लबच्या अटींवर आहे. कुणी फरक परत देतो, कुणी पुढच्या वर्षी वळता करतो, कुणी काहीच देत नाही. मेलमध्ये लिहिलं नसेल तर तिकीट ऑफिसला लेखी विचारा. फोनवरच्या गोड उत्तराला काही अर्थ नाही.

कोपरा_झेंडा
आणि गंमत म्हणजे खाली गेल्यावर सामने वाढतात! इंग्लंडमध्ये वरच्या लीगला १९ होम मॅचेस, खालच्या तिन्ही लीगना २३. रडत का होईना, चार जास्त बघायला मिळतात.

एम-१४
दंड म्हणा की व्याज, दोन्ही पटलं मला. खरे आकडे घालून पाहिले. माझा काठ साडेअकरावर येतोय, म्हणजे एका फ्लूने गणित पालथं. ज्या ७ मॅचेसना जाता येत नाही, ती तिकिटं परत विकता येतात का? आणि हप्त्यांचं राहिलंच.

आकडेमोड्या
हप्ते बहुतेक ठिकाणी क्लब देत नाही, बाहेरची फायनान्स कंपनी देते, आणि ते सरळ कर्ज असतं. तुमची सवलत उशिराच्या भावावर साधारण ९ टक्के पडते. हप्त्यांचा खर्च ८ टक्के निघाला तर राहिलं काय? बिनव्याजी असेल तरच घ्या.

परत विकायचं म्हणाल तर क्लबच्या अधिकृत एक्स्चेंजवर टाकता येतं. विकलं गेलं तर साधारण सीझन तिकिटाचा एकोणिसावा हिस्सा मिळतो, बहुतेकदा पुढच्या रिन्यूअलमध्ये वळता. पण अट वाचा: अनेक ठिकाणी सामना हाऊसफुल्ल झाल्यावरच एक्स्चेंज उघडतं. तळातल्या टीमची थंडीतली मंगळवार रात्रीची मॅच कुठली हाऊसफुल्ल होणार!

जुना_पापी
सगळे भावाबद्दल बोलताय, म्हणून माझा अनुभव. मी तीन वर्षांपूर्वी असाच थांबलो होतो. म्हटलं हंगाम संपू दे, बघू. टीम वाचली, वरचे पैसे भरायलाही तयार झालो, तोवर माझी खुर्ची खुल्या विक्रीत गेली होती. नवी मिळाली ती खांबामागे, डावा गोलपोस्ट दिसायचाच नाही. आजूबाजूला सगळे अनोळखी. गोल झाल्यावर मिठी कुणाला मारायची हाच प्रश्न. दोन महिन्यांत जायचंच सोडलं.

जास्तीच्या १० टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, ती जागा मात्र अजून आठवते. तुमचा क्लब मुदतीनंतर जागा किती दिवस राखतो ते आधी बघा. बऱ्याचदा स्वस्त भावाची तारीख वेगळी आणि जागा सोडायची तारीख वेगळी असते. मधे तीन-चार आठवडे असतील तर तुम्हाला थांबायला वाव आहे.

हल्ली काही क्लब किमान हजेरीही बघतात, ठरावीक मॅचेसना तिकीट वापरलं नाही तर पुढच्या वर्षी रिन्यू करू देत नाहीत. १२ वर अडचण येऊ नये, पण नजर टाका. आणि फॉर्म भरताना कप मॅचेसच्या, म्हणजे लीगबाहेरच्या कप स्पर्धेतल्या मॅचेसच्या, ऑटोमॅटिक खरेदीचा चौकोन कधीकधी आधीच टिक केलेला असतो. तो राहिला तर प्रत्येक कप मॅचचे पैसे न विचारता कार्डावरून जातात.

एम-१४
सगळ्यांचे आभार. तिकीट ऑफिसचं लेखी उत्तर आलं. खाली गेलो तर फरक परत मिळणार नाही. जागा मुदतीनंतर फक्त सहा दिवस राखतात. हप्त्यांवर व्याज आहे. क्लबचे पगार वेळेवर चाललेत, तेवढं बरं.

काल एकरकमी भरले, क्रेडिट कार्डाने. कोपरा_झेंडा, समर्थकांच्या संघटनेने काढलेल्या निवेदनावर सहीही केली. पुढच्या वर्षी मुदत हंगाम संपल्यावर ठेवा अशी मागणी आहे, त्यामुळे मला मुकाट भरणाऱ्यांत धरू नका.

आज मॅचला काकांना सांगितलं, भरले एकदाचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कपचा टिक काढलास ना?"

काढला नव्हता.